दोन कांड्या

केरबाने इचलकरंजीत मागावर विणलेले कापड परत आले होते; पांढऱ्यात मधूनच मोतिया सुताचे पट्टे पडले होते. नजर अधू झाली म्हणून शेठ त्याला काढून टाकणार, हे ठरल्यासारखेच होते; केरबा मात्र दोन्ही सुतांतला फरक आपल्याला दिसतो म्हणत होता. सुट्टीच्या दिवशी मागांवर देखरेख करणारा जॉबर चनबसाप्पा मुद्दाम कोल्हापूरला त्याच्या घरी आला आणि त्याने सुताच्या दोन कांड्या पुढे ठेवल्या, एक पांढरी, एक मोतिया.

"माझी नजर तर गेलीच. मला दोनीबी सारख्याच. तुला फरक दिसतोय, हे मी मानू कसं?"

केरबाचा मुलगा प्रसेनजीत विद्यापीठात संशोधन करीत होता. गुपित उघड न करता ते आपल्यापाशी आहे एवढेच पटवून देणारे पुरावे, हा त्याचा विषय.

"काका, कांड्या पाठीमागं न्या," तो उत्साहाने म्हणाला. "वाटलं तर अदलाबदल करा, न्हाईतर तशाच पुढं आणा. बदलल्या का न्हाई, एवढंच आबा सांगतील. अंदाजानं बोलणारा कधीतरी चुकतोच."

"विद्यापीठात ह्योच खेळ शिकवत्यात व्हय रं?" चनबसाप्पा हसला.

केरबा क्षणभर घुटमळला. पण मग तो प्रत्येक वेळी बरोबर सांगत गेला. प्रसेनजीतचा ऊर भरून आला. आणि तेवढ्यात त्याला चनबसाप्पाच्या मागे दाराशी उभी असलेली आई दिसली. कांड्यांची अदलाबदल झाली की मीनाबाई डोईवरचा पदर सावरत होती.

त्याने पटकन नजर कांड्यांकडे वळवली.

"पटलं गड्या," चनबसाप्पा उठला. "पर नुसत्या माझ्या शब्दावर शेठ ऐकायचा न्हाई. उद्या मागाच्या शेडमध्ये त्येच्याच हातात कांड्या देऊ की."

प्रबंधात प्रसेनजीतने हेच लिहिले होते: समोरासमोरच्या अशा पुराव्याने खात्री पटते ती फक्त प्रश्न विचारणाऱ्याची.

पाहुणा गेल्यावर मीनाबाई मान खाली घालून कप विसळत बसली.

"शेडमध्ये हिला कोण उभं करणार?" केरबा म्हणाला. मग मुलाकडे न बघता, "दुसरा पुरावा असतोय म्हणत हुतास न्हवं? समोर कुणी विचारायला लागत न्हाई, एकदा लिवून दिला की कुणीबी तपासावा. तसला एक करून दे की."

"आबा, त्यालाबी फरक खरंच दिसावा लागतो."

केरबाने मान हलवली. कांड्या उचलून तो उंबऱ्यापाशी, उजेडात जाऊन बसला.

"ह्यातली मोतिया कंची?"

प्रसेनजीतने डावीकडची दाखवली. केरबा बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिला.