पानावरचे वळ

मी नगरपंचायतीच्या ठरावांची वही बोलतेय. बांधणाऱ्यानं मला लाल कापडी पुठ्ठा हौसेनं घातला, पण पानांवर आकडे छापायला विसरला मेला! ते अजून भोगतेय मी.

यंदा अध्यक्षाची जागा बायकांसाठी सुटली आणि भाजी विकणारी बाई निवडून आली. बाजारातल्या बायकांना तिनं शब्द दिला होता, "आधी तुमच्यासाठी संडास बांधीन." दिवसभर घोटभर पाणी न पिता टोपलीपाशी बसणं काय असतं, ते तिनं भोगलं होतं.

पण सभेत खुर्चीवर बसायचा तिचा नवरा. सभा उरकली की कारकून मला पिशवीत घालून तिच्या स्वयंपाकघरात आणायचा.

"वहिनी, फुली केलीय तिथं सही."

"वाचू तरी द्या, भाऊजी."

"वाचाल तोवर भाजी करपेल की!"

सासू आतून म्हणायची, "कर गं! लग्नाला हो म्हणताना कुठं वाचून बघितलं होतंस?"

मग ती सही करायची. अक्षरं मोठेपणी शिकलेली, त्यामुळं पेन असं रेटायची की खालच्या पानावर वळ उठायचे.

एक दिवस तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि बोट ठेवून वाचलं. संडासाच्या जागेवर दुकानांचे गाळे! फुली तशीच सोडून तिनं रेटून लिहिलं, 'मला मान्य नाही. जागा बायकांची आहे.' खाली सही.

कारकुनाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं नवऱ्याला बोलावलं.

"माझ्या जिवावर निवडून आलीस, विसरलीस?"

"मतं बाजारानं दिली."

नवऱ्यानं ते पान टरकन फाडलं. आकडेच नाहीत, मोजणार कोण? पुढच्या पानावर कारकुनानं तोच ठराव उतरवला आणि तिच्या नावाची सही नवऱ्यानंच केली. कशी गुळगुळीत!

आता मी कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. गाळ्यांचे खांब उभे राहिलेत. ती दर सभेला येते, दारातूनच म्हणते, "वही दाखवा."

"सही तुमचीच आहे, वहिनी," कारकून वर न बघता सांगतो.

बाबांनो, कधी मी तुमच्या हाती लागलेच, तर त्या सहीला भुलू नका. पान उजेडाला तिरपं धरा, वरून बोट फिरवा. बाईनं रेटून लिहिलंय. हाताला लागेल.