तुटक रेषेवरचं वर्ष

औषधाच्या बाटलीचं झाकण – त्याला अजून आईच्या खोकल्याच्या औषधाचा चिकटपणा होता – कागदावर दाबून विनिताने त्याभोवती पेन्सिल फिरवली. स्त्री म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन, गेलेलं माणूस असेल तर आत फुली. फुली मारताना तिला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचाच तिला राग आला.

बालगृहातली समुपदेशकाची नोकरी सांभाळून शनिवार-रविवार करायचा हा बालसंरक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. मुलांच्या घरातल्या नात्यांचा नकाशा काढण्याआधी स्वतःच्या घरातल्या नात्यांचा काढा, असं उन्नती मॅडमनी सांगितलेलं. जवळचं नातं दुहेरी रेषेने, भांडणाचं नागमोडी, तोडलेलं तुटक. तुटक रेषेवर वर्ष. संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचं. आईला जाऊन बावीस दिवस झालेत असं सांगून मुदत मागता आली असती... पण कुणाकडे काही मागणं तिला दहाव्या वर्षापासून जमलं नव्हतं.

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले.

"फुली कुनावं मारलीस?"

"आईवर."

"म्हंजे नापास केलीस तिला."

ती हसली नाही. खालच्या मजल्यावरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात बाबांनी उगाच एक मोठा घोट घेतला.

आईच्या वर्तुळात नाव, कमळ. शेजारी चौकोन. केसरीनाथ, अंजूर. सख्खा भाऊ. दहाव्याला हा चौकोन पांढरा सदरा घालून पुढच्या खुर्चीत बसला होता. "जमिनीपायी तिनं मला तोडलं, पन बहीनच ना माझी," सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, आणि उठताना त्याने विनिताच्या डोक्यावर हात ठेवला. तिने मान बाजूला केली नाही. नको असलेला हात झटकायचा, ओरडायचं, हे ती बालगृहातल्या मुलींना शिकवते, आणि स्वतः पस्तिसाव्या वर्षी...

पाचवीत जाण्याआधीच्या मेच्या सुट्टीत, अंजूरहून परत आल्यावर, याच हाताबद्दल तिने आईला सांगितलं होतं. मामाने कुठे कुठे लावला, ते सगळं. आई तिची वेणी घालत होती. वेणी पूर्ण झाली. आई म्हणाली, "जेवून घे." बस. मुलाने असं काही सांगितलं की पहिलं काय बोलायचं – माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही – हे विनिताला पाठ आहे. किती मुलींना तिने ते म्हटलंय.

आई आणि स्वतःमध्ये तिने नागमोडी रेषा काढली, पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत.

आई आणि मामामध्ये तुटक. वर्ष?

"बाबा, अंजूरची जमीन गोडाऊनसाठी कधी विकली?"

"तू बारावीला व्हतीस. तवाच तर दोघांचं बिनसलं. अख्खा गाव बोलायचा, कमळ हावरी हाय. तिनं कुनाला उलट उत्तर दिलं न्हाय."

ती वर्ष लिहायला लागली आणि थांबली. भाऊबीज... आई भाऊबीजेला अंजूरला शेवटची कधी गेली? बारावीच्या दिवाळीत नाही, त्याच्या आधीही नाही. एका भाऊबीजेला तर आई तिला एकटीला एसटीने अकलोलीला घेऊन गेली होती, गरम पाण्याच्या कुंडांवर. येताना दिवाळीच्या अभ्यासाची वही एसटीत राहिली, शाळेत मार बसला. पाचवीची वही. त्यानंतर एकही भाऊबीज नाही.

पाचवी. जमिनीच्या सात वर्षं आधी.

म्हणजे आई, तुला माझं पटलं होतं. तू त्याच दिवाळीत भाऊ सोडलास, आणि पुढे जमिनीचं कारण आयतं मिळालं तेव्हा हावरी म्हणवून घेतलंस – गावाकडून, बाबांकडून. मीही तेच समजत राहिले. पंचवीस वर्षं एका घरात, आई. मला एक वाक्य हवं होतं. आणि अंजूरच्या त्या घरात आणखी मुली होत्या, त्यांना कोण अकलोलीला नेणार होतं?

नागमोडी रेषा तिने खोडली. खोडरबराने कागदाचा पापुद्रा निघाला. जे होतं त्याला मॅडमच्या यादीत रेषा नव्हती. साडेपाच वाजले होते. राग तसाच होता, पण इतकी वर्षं तो विश्वास न ठेवणाऱ्या एका बाईवर होता, आणि ती बाई आता कुठे सापडत नव्हती... अकलोलीच्या कुंडातलं पाणी सोसवत नव्हतं. पोळतंय, पोळतंय म्हणत मी हात ओढत होते, आणि आई तो सोडत नव्हती.