‘सुटका’ दुकानातून काढली

घरात तिला सगळे बारकी म्हणायचे. भावापेक्षा ती चांगली वीतभर उंच होती, तिशीही कधीच ओलांडली होती, पण शेंडेफळाला एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. तर ही बारकी व्हिडिओ गेम्स बनवायची. चित्रं तिचीच, प्रोग्रॅमही तिचाच. भावाच्या घरातली मागची खोली हे तिचं ऑफिस. तिथे एक टेबल, दोन स्क्रीन आणि वाळत घातलेले कपडे असायचे. ते बाजूला सारल्याशिवाय खुर्ची मागे घेता येत नसे.

तिची पहिली गेम लहान मुलांसाठी होती, मांजरीच्या पिल्लांची. ती ठीकठाक खपत होती. पण जिच्यावर तिने जीव टाकला ती दुसरी, ‘सुटका’. कल्पना वहिनीमुळे सुचली. वहिनी मोठ्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. कामावरून आली की चपला काढता काढता एवढंच म्हणायची, “झाली बाई सुटका एकीची.” मग हात धुताना हळूहळू बाकीचं बाहेर पडायचं. कोण घाबरली, कोणी शिव्या दिल्या, कोणाच्या सासूने दाराबाहेर गोंधळ घातला.

गेममध्ये खेळणारा म्हणजे त्या वॉर्डातली नर्स. कोणाजवळ बसायचं, कोणाला दटावायचं, डॉक्टरला बोलवायला कधी धावत सुटायचं, हे आपण ठरवायचं. शेवटच्या खोलीत बाळंतपण सगळं दिसतं. कोळशाने काढल्यासारखी चित्रं, पण काही लपवलेलं नाही. डोकं दिसतं, खांदा वळतो, बाळ बाहेर येतं. आणि मागे वहिनीचा खराखुरा आवाज: “आता जोर नको लावूस. श्वास सोड. माझ्याकडे बघ, बाई, माझ्याकडे.”

गेम विकायला ठेवली ती अर्थातच इंटरनेटवरच्या त्या बड्या दुकानात. तिथे नसलं तर बाजारातच नसल्यासारखं. अपलोड करताना दुकान प्रश्न विचारतं. नग्नता आहे का? बारकीने ‘आहे’वर टिक केलं. शरीराचे खासगी भाग दिसतात का? दिसतात. खालच्या चौकोनात तिने सविस्तर लिहिलं की हे बाळंतपण आहे, यात कामुक काही नाही. खेळणाऱ्यांना गेम आवडली. चांगले अभिप्राय येऊ लागले. एका बाईने तर लिहिलं, ‘माझ्या बाळंतपणात मी कुठे होते हे मला आज कळलं.’

आणि एक दिवस सकाळी पान उघडलं तर गेम नाही. गायब. त्याजागी दुकानाचा निरोप: ‘आपल्या उत्पादनात लैंगिक स्वरूपाची सामग्री आढळली आहे. निर्णय अंतिम आहे.’

बारकीने आधी मान खाली घालून सभ्यपणे लिहिलं. उत्तर आलं, तेच. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच, स्वल्पविरामासकट. तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दुकानाचं पहिलं पान उघडलं. वर ठळक अक्षरांत ‘आमची खास निवड’, आणि तिच्याखाली एक गेम, जिच्यात कुऱ्हाडीने डोकी उडवायची. डोकं जितकं लांब जाईल तितके जास्त गुण. निम्म्या किमतीत. जरा खाली पत्त्यांचं एक कोडं होतं. प्रत्येक डाव जिंकला की समोरच्या पोरीच्या अंगावरचा एकेक कपडा उतरतो. बारकीने दात ओठ खात तो प्रकार शेवटपर्यंत खेळून पाहिला. शेवटी काय उरतं ते सांगायला नको. वर्गवारी होती: ‘कोडी, सर्वांसाठी’. ते बनवणाऱ्या बहाद्दराने एकाही प्रश्नाला ‘आहे’ म्हटलं नव्हतं, एवढाच फरक.

खूप मागे लागल्यावर दुकानाच्या निवड विभागातल्या एका साहेबाने व्हिडिओ कॉलवर वेळ दिला. तरुण माणूस, आवाज लोण्यासारखा.

“मॅडम, खरं सांगू का?” तो म्हणाला. “मी स्वतः खेळलो तुमची गेम. शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.”

“मग काढलीत कशाला?”

“कार्डांचे पैसे ज्या कंपन्यांमार्फत आमच्याकडे येतात, त्यांनी दम दिलाय. असली सामग्री ठेवाल तर व्यवहार बंद करू म्हणाल्या. मग ज्यांनी ज्यांनी ‘आहे’ म्हटलं होतं, त्या सगळ्या गेम्स काढाव्या लागल्या. त्यात तुमची सापडली.”

“म्हणजे मी खरं सांगितलं म्हणून मला शिक्षा.”

“असं नका म्हणू. आपण मार्ग काढू. तो प्रसंग आला की स्क्रीन काळी करा. फक्त बाळाच्या रडण्याचा आवाज ठेवा. उलट जास्त भिडेल. सूचक होईल.”

“सूचक?” बारकीचा आवाज चढला. “बाई फाटते हो तिथे! त्यात सूचक काय करायचं?”

साहेबाने घसा साफ केला. “आणि नर्सच्या तोंडी एक शब्द आहे. शरीराच्या भागाचा. त्याऐवजी ‘ती जागा’ म्हणता आलं तर...”

“तुम्ही ज्या जागेतून या जगात आलात तिचं नाव घेण्याची लाज वाटते तुम्हाला? आणि कुऱ्हाडीने मुंडकी उडवलेली पहिल्या पानावर लावता?”

“मॅडम, आवाज खाली ठेवा. तुमची मांजरीची गेमसुद्धा याच खात्यावर आहे, हे लक्षात असू द्या.”

कॉल संपला. मांजरीचं नाव त्याने किती गोड आवाजात घेतलं होतं!

जेवताना दादाने सगळं ऐकून घेतलं. दादा तसा भला माणूस, पण भांडणाचा त्याला भारी कंटाळा. “मग घाल ना काळा पडदा,” तो म्हणाला. “दोन मिनिटांचं काम. बाकीची गेम तर राहील.”

“दादा, बाकीची गेम त्या खोलीपर्यंत पोचायसाठीच आहे.”

“अगं, अर्धी तरी विकली जाईल! तत्त्वं उराशी घेऊन काय बसणार आहेस?”

वहिनी काहीच बोलली नाही. पानातलं संपवून उठून गेली. बारकीला वाटलं, वहिनीलाही पटलेलं दिसतंय. दोन दिवस ती धुसफुसत राहिली आणि तिसऱ्या दिवशी हरली. शेवटच्या खोलीत काळा पडदा टाकला, वहिनीच्या तोंडचा तो शब्द कापला. वहिनी सुट्टीवर होती, तिला बोलावून दाखवलं.

वहिनीने पाहिलं. स्क्रीन काळी झाली, रडणं ऐकू आलं.

“माझा आवाज काढ यातून,” वहिनी म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काढ. दुसऱ्या कोणाचा तरी घाल. मी नाही अशी मुकी बाहुली होणार.”

बारकीचा पारा चढला. “तुला बोलायला काय जातंय, वहिनी? जेवताना तोंडातून एक शब्द काढला नाहीस आणि आता मला शिकवतेस? महिनोन्महिने डोळे फोडून घेतले ते मी!”

“आणि मी काय करते तिथे? झोपा काढते?” वहिनी एरवी हळू बोलणारी बाई, पण आता तिचा आवाज खोलीबाहेर गेला. “अगं, मागच्या आठवड्यात एक पोर आली. लग्न झालेली, शिकलेली. कळा सुरू झाल्या आणि मला विचारते, सिस्टर, पोट कधी उघडणार? तिला वाटत होतं, बेंबीपाशी उघडतं! आईने सांगितलं नाही, शाळेत ते पान गाळलं, सिनेमात दार बंद होतं. सगळ्यांनी तिच्यासमोर काळा पडदाच धरलेला. म्हणून मी तुला आवाज दिला होता. आणि आता तूही तोच पडदा धरतेस!”

बारकी खुर्ची ढकलून उठली, वाळत घातलेल्या कपड्यांत अडकली, एक चादर खाली पाडली आणि ती तशीच तुडवत बाहेर गेली. रस्त्यावरून तावातावाने चालत राहिली. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने “काय ताई?” म्हटलं, त्यालाही तिने उत्तर दिलं नाही. राग कोणाचा येतोय तेच कळेना. दुकानाचा, साहेबाचा, वहिनीचा की स्वतःचा.

परत आली ती मनाशी ठरवूनच. काळ्या पडद्याची आवृत्ती तिने पुसून टाकली. जुनीच गेम, एका रेषेचाही बदल न करता, नव्याने अपलोड केली. फक्त प्रश्नांची उत्तरं बदलली. नग्नता? नाही. खासगी भाग? नाही.

दुपारच्या चहाआधी मंजुरी आली. मागोमाग साहेबाचा खास मेल: ‘सुधारित आवृत्ती पाहिली. आपण तो प्रसंग अत्यंत संयतपणे हाताळला आहे. अभिनंदन.’

बारकी खो खो हसत सुटली. वहिनी धावत आली, तिने वाचलं, तीही हसली. मग बारकीचं हसू मावळलं. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की कोणी पाहिलंच नव्हतं. आधीही नाही, आताही नाही. कोणी डोळ्यांनी बघून ‘हे घाण आहे’ म्हटलं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. इथे यंत्राने नुसत्या टिकच्या खुणा मोजल्या होत्या, आणि त्या मोजणीला हे लोक नीतिमत्ता म्हणत होते.

“झालं ना काम?” दादा म्हणाला. “आता तोंडाला कुलूप लाव. देव पावला समज.”

आणि बारकी खरंच गप्प बसली काही दिवस. गेम खपत होती. पण मग तिला एका अनोळखी बाईचा मेल आला. तिने छातीतली गाठ स्वतः कशी तपासावी हे शिकवणारी छोटी गेम बनवली होती, तीही त्याच फटक्यात गेली होती. ‘तुमची परत आली म्हणे,’ तिने लिहिलं होतं. ‘तुम्ही काय कापलंत, सांगाल का? मी छातीच काढून टाकू का आता?’

तो मेल बारकीने दोनदा वाचला. खोटं बोल, असं या बाईला शिकवायचं? आणि तिच्यासारख्या बाकीच्यांना? मग तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून जगजाहीर केले. हे नकाराचं पत्र, हे अभिनंदनाचं पत्र, आणि गेम तीच, अक्षरशः तीच. खाली एकच ओळ लिहिली: ‘यांनी आमचं काही पाहिलेलं नाही आणि तरी हेच ठरवतात की तुम्ही काय पाहायचं.’

गोंधळ माजला. लोकांनी दुकानाला धू धू धुतलं. संध्याकाळपर्यंत दुकानाने बारकीचं खातं बंद केलं. कारण दिलं, ‘चुकीची माहिती पुरवल्यामुळे’. ‘सुटका’ गेली आणि तिच्याबरोबर मांजरीची पिल्लंही गेली.

दादा चिडला. “घरातल्या सगळ्यांचा विचार करायचा असतो, बारके!” म्हणाला आणि ताट तसंच टाकून उठला. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला.

मग एकदा त्या साहेबाचा फोन आला. आवाजातलं लोणी पार वितळून गेलं होतं. “माझी नोकरी गेली,” तो म्हणाला. “तुम्हाला समाधान वाटलं असेल.”

“नाही वाटलं,” बारकी म्हणाली. “मला एकच सांगा. तुम्ही पहिल्यांदा तरी खेळला होतात का?”

तो म्हणाला, “नाही. आम्हाला सारांश येतो. समोरचा चिडला तर काय बोलायचं, तेही लिहून दिलेलं असतं.”

“डोळ्यांत पाणी आलं, तेसुद्धा?”

“तेसुद्धा.”

बारकीला त्याची कीव आली, पण राग तसूभरही कमी झाला नाही. “आता वेळ आहे तुमच्याकडे,” ती म्हणाली. “फुकट पाठवते. खेळा.” आणि फोन ठेवला. पाठवलीही. पुढे त्याने खेळली की नाही ते तिला कधी कळलं नाही.

दुकानाने चार दिवस शिव्या खाल्ल्या, ‘तांत्रिक त्रुटी’ म्हणून हात झटकले आणि काही गेम्स गुपचूप परत ठेवल्या. गाठ तपासायची गेम त्यांत आली. बारकीच्या मात्र दोन्ही आल्या नाहीत. कुऱ्हाडवाली अजून पहिल्या पानावर आहे. बारकी आता स्वतःच्याच लहानशा पानावरून गेम्स विकते. गिऱ्हाईक तुरळक असतं, म्हणून दिवसा एका जाहिरात कंपनीत साबणाची चित्रं काढते आणि तिथल्या साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालते.

परवा वहिनी कामावरून आली ती पिशवी खुर्चीवर आपटतच. बारकी भाजी चिरत होती.

“आज एका पहिलटकरणीचा नवरा आला होता,” वहिनी म्हणाली. “तुझी गेम खेळलेला. मला म्हणतो, सिस्टर, मी बाहेर थांबणार नाही, मी हिच्या उशाशी उभा राहीन. मला माहीत आहे काय होतं ते.”

“मग?”

“मग काय! डॉक्टर म्हणाले, पुरुषांनी हे बघायचं नसतं, काढा त्याला बाहेर.”

“काढलं?” बारकीच्या हातातली सुरी थांबली.

“काढतायत! मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, त्याच्या बायकोला विचारा, ती नको म्हणाली तर मी स्वतः काढते त्याला. ती कळांमध्येसुद्धा ओरडली, राहू दे त्याला इथेच!”

“आणि डॉक्टर?”

“गेले धुसफुसत. उद्या वरच्या साहेबांपुढे बोलावलंय मला. येऊ दे काय यायचं ते.” वहिनीने गटागटा पाणी प्यायलं. “नवरा राहिला आत. डोकं दिसलं आणि घेरी येऊन पडला, ते सोड. पण उठला पुन्हा, आणि तिचा हात धरला.”