बगळ्याच्या पंखाखाली

मोडक्या मानेचा तो कांस्याचा बगळा वडिलांनी धाकटीच्या टेबलावर ठेवला, तेव्हापासून थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. वीस वर्षं या कार्यशाळेत मोडक्या मूर्तींचे हातपाय जोडले कुणी? तिने. आणि संग्रहालयाचा बगळा कुणाला? तर काल-परवा कानस धरायला शिकलेल्या बाईसाहेबांना!

"ताई, मान कशी बसलीय बघ ना," धाकटी हौसेने हाक मारायची.

"बसलीय ना? मग मी काय आता नाचू?"

जळत होती, अगदी आतून जळत होती, आणि ते तिला स्वतःलाही ठाऊक होतं. जेवताना वडील म्हणाले, "धाकटीचा हात हलका आहे हो," की हिचा घास घशातच अडायचा.

सोमवारी धाकटी बाहेर गेलेली बघून थोरली भिंग घेऊन बगळ्यापाशी गेली. खोट काढायचीच होती. मानेचा जोड शोधला, तर सापडेना. मेलीने काम झकास केलं होतं! मग पंखाखाली पाहिलं. तिथे मोहरीएवढा फिकट हिरवा ठिपका होता. नखाने टोकरला, तर बोटाला भुकटी लागली. आत मीठ राहिलंय, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. जुन्या कांस्यात मुरलेलं मीठ शुद्ध पाण्यात आठवडेच्या आठवडे धुऊन काढावं लागतं. धाकटीने घाई केली आणि वरून मेण चढवून मोकळी झाली. मीठ आत तसंच. दोन-तीन महिन्यांत पंख पोखरून निघणार, तोही संग्रहालयात, चार लोकांसमोर.

"बरी खोड मोडेल," असं मनात म्हणत ती मूग गिळून बसली. पुढचे चार दिवस तिला काय छान भूक लागत होती!

शुक्रवारी बगळा न्यायला गाडी दारात आली. एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जायचं नाही, हा कार्यशाळेचा नियम. तपासणारे नेहमी वडीलच. त्यांनी पेटीला चिठ्ठी बांधली. थोरलीने सहज वाकून वाचली. काम: धाकटी. तपासणी: थोरली.

"बाबा, हे काय? मी कुठे..."

"मला आता भिंगातूनही धड दिसत नाही गं. म्हणून तर तिला कामाला बसवलं आणि तपासायला तुला मोकळं ठेवलं. तिच्या कामात खोट काढल्याशिवाय तू राहायची नाहीस, हे काय मला माहीत नाही? तू गप्प आहेस, म्हणजे काम चोख आहे."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. हमाल पेटी उचलायला वाकला.

"थांबा!" ती ओरडलीच. "पंखाखाली बघा. मीठ राहिलंय."

पेटी उघडली. धाकटीने भिंग लावून पाहिलं आणि पांढरीफटक पडली. मग मान वर करून तिने विचारलं, "ताई, तुला कधी दिसलं?"

आत्ताच, म्हणणं किती सोपं होतं. अगदी जिभेवर आलं होतं.

"सोमवारी," थोरली म्हणाली.

वडिलांनी चिठ्ठी सोडली, खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही थोरलीपुढे धरली.

"धाकटीचं नाव राहू दे, तिची नुसती चूक झालीय," ते म्हणाले. "खालचं तुझं तेवढं खोड. मला ओळ नीट दिसत नाही."