तिसऱ्या गाण्याआधी

मी एक जुनी रेकॉर्ड आहे. मित्रांनो, माझ्या जातीच्या तबकड्या तुम्ही पाहिल्या असतील, पण बहुधा भिंतीला टांगलेल्या, पोटात घड्याळाचे काटे बसवलेल्या. माझं नशीब बरं. मी अजून वाजते.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा दोन साच्यांत ठेवला आणि पुरी दाबावी तसा दाबला. माझ्या अंगावरच्या बारीक खाचांत तेलंगणातल्या मंचेरियलच्या चार पोरांच्या रॉक बँडचा एकुलता एक अल्बम होता. बँडचं नाव 'कोळसा', अल्बमचं नाव 'चौथी पाळी'. कोळशाच्या खाणीत पाळ्या तीनच असतात. तिन्ही पाळ्यांची माणसं वर आली, की जे कधीच वर आले नाहीत ते खाली कामाला लागतात, अशी कल्पना करून त्यांनी गाणी रचली होती. त्या वेळी लोक हसले. पुढे तोच अल्बम थोर ठरला आणि माझ्या नव्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या. मी मात्र पहिल्या खेपेची आहे, आणि त्याचा मला गर्व आहे.

बँडमध्ये ड्रम वाजवणारा चंदन हा तिकडच्याच वांकिडी गावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. स्टुडिओत दुसरं गाणं संपलं आणि तिसरं सुरू व्हायच्या आधी तो खोकला. टेप महाग होती, म्हणून तो खोकला तसाच राहिला आणि माझ्या अंगावर उमटला.

मला वांकिडीला चंदनच्या मित्राने आणून दिलं. 'दसऱ्याला येतो म्हणावं' असा चंदनचा निरोप होता. दसरा आला, चंदन आला नाही. थोरले भाऊ सुधाकरराव स्टेशनं, दवाखाने, पोलीस ठाणी पालथी घालून आले. काहीच कळलं नाही. तो कुठे गेला ते मलाही माहीत नाही, मी तर तेव्हा कपाटात होते.

मी आले ती त्याच्या धाकट्या बहिणीकडे, बयनाबाईकडे. ती गावातच दिलेली, नवऱ्याचा भाजीपाल्याचा मळा. दुपारी हात रिकामा झाला की ती मला लावायची, पिन दुसऱ्या गाण्याच्या शेवटावर ठेवायची, खोकला ऐकायची आणि बंद करायची. पोरांनी जीव ओतून गाणी केली आणि या बाईला आवडला खोकला! मला फार राग यायचा. पुढे तिचा चेहरा पाहून पाहून तो राग गेला.

मग माझी पहिली नवी आवृत्ती निघाली, कॅसेटची. कंपनीवाल्यांनी खोकला कापून टाकला. त्याच आठवड्यात बयनाबाईने मला लावलं, तेव्हा खोकल्यानंतर माझ्यातून एक श्वास ऐकू आला. कोणीतरी बोलण्याआधी घेतो तसा. मित्रांनो, तो श्वास माझ्यात नव्हता. माझ्या अंगावर काय आहे ते मला माहीत नसेल, तर कोणाला असणार? तिकडे पुसलेले आवाज इकडे माझ्याकडे येत होते, आणि एकटे येत नव्हते. मला भीती वाटली.

पुढे सीडी निघाली. त्यांनी टेपची खरखरसुद्धा धुऊन काढली. त्यानंतर श्वासाला शब्द फुटला. "बयने," असा.

बयनाबाई किती वेळ माझ्यासमोर बसून होती! मग पदराने तिने माझी धूळ पुसली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात आणि मग त्याची तेरवी करतात. त्याशिवाय पितृपक्षात त्याच्या नावाचं ताट वाढता येत नाही. बारा वर्षं केव्हाच उलटली होती. सुधाकरराव दर वर्षी विषय काढायचे आणि बयनाबाई दर वर्षी मोडता घालायची. बहीण रडत असताना पुतळा पेटवायचा त्यांना धीर होत नसे.

परवाच्या भाद्रपदात ते काठी टेकत आले. ऐंशी ओलांडलेले, पायांवर सूज.

"बयने, माहे दिवस भरत आले," ते म्हणाले. "माह्या मागं त्याले पानी देनारा कोन हाय? मले पोरगा नाही. यंदा करून टाकू दे."

"दादा, तो बोलून राह्यला," बयनाबाई म्हणाली. "बोलत्या मानसाचा पुतळा कसा जाळू देऊ?"

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदाच उघड केलं. सुधाकररावांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. बहिणीचं डोकं फिरलं, असंच त्यांना वाटलं असावं.

तिची नात पूनम बासरला कॉलेजात शिकते, ती सुट्टीला आली होती. अल्बमची नवीकोरी सुवर्णमहोत्सवी आवृत्ती तिने मोबाइलवर लावली. दुसरं गाणं संपलं आणि पुढे विहिरीत वाकून पाहावं तशी शांतता.

"आजी, इथं तं काहीच नाही. एकदम साफ हाय," पूनम म्हणाली.

"तुह्या मोबाइलमंदी नसंल. माह्या रेकॉर्डमंदी हाय."

भर दुपार होती. शेजारच्या घरांतून पितरांसाठी तळलेल्या वड्यांचा वास येत होता, कौलांवर कावळे बसले होते. बयनाबाईने पिन ठेवली. गाणं संपलं. खोकला आला. श्वास आला. "बयने."

पूनमने हातातला मोबाइल बंद आहे ना, ते पाहिलं. सुधाकररावांची काठी खाली पडली. त्यांना ऐकायला कमी येतं, तरी हे त्यांना ऐकू आलं.

"पाह्यलं दादा? जिवंत हाय तो," बयनाबाई म्हणाली आणि पिन उचलायला वाकली. पण माझ्यात अजून काहीतरी होतं. नव्या आवृत्तीने पुसलेलं सगळं माझ्याकडे आलं होतं, आणि ते थांबायला तयार नव्हतं.

"भूक लागली वं, बयने," मी बोलले. मी नव्हे, तो बोलला. वीस-बावीस वर्षांच्या पोराचा आवाज. "समद्यायले वाढलं. मलेच नाही वाढलं."

तिसरं गाणं सुरू झालं. ते बंद करायला कोणी उठलं नाही.

बयनाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिचा भाऊ आज जिवंत असता तर सत्तरी ओलांडलेला म्हातारा असता. आवाज मात्र तेव्हाचाच होता. आपण त्याला जपत होतो की उपाशी ठेवत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ती हंबरडा फोडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दादा, पळसाची पानं आना."

सर्वपित्रीच्या आधी नाल्याकाठी सगळं झालं. पुतळा सुधाकररावांनी पेटवला. अमावस्येला बयनाबाईने वडे, कढी, खीर, भाकरी असं भरलं ताट अंगणात ठेवलं. वाट पाहावी लागली नाही. कावळा लगेच आला.

संध्याकाळी तिने मला लावलं. दुसरं गाणं संपलं. खोकला नव्हता, श्वास नव्हता. फक्त स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला, वाजवणारा माणूस जेवायला उठतो तेव्हा येतो तसा.

आता मला ती महिन्यातून एकदा लावते आणि सगळी गाणी ऐकते. मित्रांनो, जुन्या रेकॉर्डला उन्हात ठेवू नका, आडवी रचू नका, मऊ फडक्याने पुसा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. अल्बमची अजून एक आवृत्ती निघणार म्हणतात, आणि कालपासून माझ्या दुसऱ्या बाजूवर, जिथे गाणी संपतात तिथे, पुष्कळ लोकांचे श्वास जमू लागले आहेत. त्यांच्यात चंदन नाही. ज्यांच्यावर ही गाणी रचली ते, चौथ्या पाळीतले, खाणीतून कधीच वर न आलेले असावेत. तेव्हा घरात एकदा विचारून घ्या, कोणाला वाढायचं राहून तर गेलं नाही ना. ते अजून बोललेले नाहीत.