लाख एक वाती

पावसाळ्यात मेंढरांवर रोग आला, तेव्हा पंचफुलाबाई देवाला लाख एक वातींचा नवस बोलली. नवरा नामाजी म्हणाला, आधी डॉक्टरला बोलव. डॉक्टर आला, मेंढरं वाचली, आणि श्रेय अर्थातच देवाला गेलं.

आता त्रिपुरी पौर्णिमेला महिना उरला होता. गोरेगावातल्या नऊ बायका कापूस घेऊन तिच्या ओसरीवर जमल्या. तिला धरून दहा. वातींचा त्यांचा नियम एकच, प्रत्येकीच्या सारख्या. एकीची एक जरी जास्त झाली, तर पुण्यही तिचंच जास्त, आणि ते मग वर्षभर नळावर ऐकून घ्यावं लागतं.

नात दिपाली सेनगावच्या कॉलेजात गणित शिकत होती. तिने भाग घालून पाहिला. "आजी, दहाजणीत एक वात उरून राहिली."

"ती मी वळते."

"मंग तुजी एक जास्त." नऊ माना एकदम वर झाल्या.

"बरं, आणखी दोघी आणू. बारा."

"पाच उरतात."

"मंग एकीला घरी लावू."

"नवांत दोन उरतात." दिपालीला आता त्या आकड्याचं कौतुकच वाटायला लागलं होतं. "लई हट्टी आकडा हाय. एकटीनं वळायच्या तर गोष्ट अलग. न्हाई तर बायका पायजेत अकरा, न्हाई तर नऊ हजार एक्क्याण्णव. याच्या मधी काईच बसत न्हाई."

नऊ हजार बायकांना नुसता चहा पाजायचा म्हटला तरी वाचलेली मेंढरं विकावी लागली असती. राहिली अकरावी. ती कोण, हे ओसरीवर प्रत्येकीला ठाऊक होतं, म्हणून कोणी बोललं नाही. शेजारची पद्माबाई वीस वर्षं याच ओसरीवर वाती वळत आली होती. उन्हाळ्यात पंचफुलाबाईच्या शेळीने तिच्या वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्या, आणि भांडणात पंचफुलाबाईने शेळीची बाजू घेतली. तेव्हापासून बोलणं बंद. चूक आपली होती हे तिला पुरतं कळत होतं. म्हणूनच पाय उचलत नव्हता.

पण नवस मोडला तर मेंढरांचं काय? ती उठली.

पद्माबाई सुपात डाळ निवडत बसली होती. "काहून आली?"

"मी कुठं आले? आकड्यानं धाडलं. त्याला अकराच लागतात."

"नवस आकडा बोलला का तू?" पद्माबाईने मान वर केली नाही. "निस्ता लाख बोलली असतीस, तर दहाजणीत बराबर गेला असता. शाळा न्हाई शिकले, पर एवढं कळतं मला. भांडण झाल्यावर बोललीस न्हवं? मंग वरची एक काहून?"

पंचफुलाबाई तिच्या सुपासमोर खाली बसली. "मेंढरं मरून राहिली व्हती, पद्मा. त्या घाईत कुठलं भांडण ध्यानात राहतं? तुला धरूनच बोलले मी."

पद्माबाईने सूप खाली ठेवलं. अर्धी डाळ निवडायची तशीच राहिली, आणि रात्री तिच्या घरच्यांनी ती खड्यांसकट मुकाट्याने खाल्ली.