मालक 'बघतो' म्हणाले

आमच्या मालकांच्या घरात 'नाही' हा शब्द नव्हता. म्हणजे मालकांना होता, आम्हा नोकरमाणसांना नव्हता. नोकराच्या तोंडून मालकाला 'नाही' ऐकू येता कामा नये, असा मालकांच्या वडिलांनी घातलेला नियम. गाडी तयार आहे का असं मालकांनी विचारलं आणि इंजिन खोलून जमिनीवर मांडलेलं असलं, तरी मी म्हणायचं, "बघतो, मालक." त्यांनी समजून घ्यायचं की आज गाडी निघत नाही. दूध नासलं, बघतो. माळी पळून गेला, बघतो. बाहेरच्यांना हे ठाऊक नसायचं. एकदा एक कंत्राटदार आला, मालक भेटतील का म्हणून. दरवानानं सवयीनं "बघतो" सांगितलं. तो बिचारा चार तास बाकावर बसून राहिला आणि शेवटी तिथंच घोरायला लागला. आम्ही आठवडाभर हसत होतो.

मी तिथं एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो आणि लग्नानंतर आमची ही बावीस वर्षं स्वयंपाकघरात. एकतीस वर्षं एखादा शब्द वाकडा वापरला की त्याचा सरळ अर्थ डोक्यातून पुसला जातो. माझा पुसला गेला. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला माझीच लाज वाटते.

घरात एकच माणूस असं होतं ज्याच्याशी मी सरळ बोलायचो. मालकांची मुलगी, ताई. सात वर्षांची असताना तिचं तट्टू आजारी पडलं. ती तबेल्यापासून माडीपर्यंत सगळ्यांना विचारत फिरली, बरं होईल का म्हणून. जो तो म्हणाला, बघतो. शेवटी माझ्याकडे आली. मी गाडीखाली आडवा झालो होतो. तिनं खाली वाकून विचारलं, "ड्रायव्हरकाका, ते जगणार का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही ताई. नाही जगायचं." ती तिथंच फरशीवर बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही माझ्याशी असंच बोलत जा. मला बघतो म्हणू नका." मी कबूल झालो आणि तो शब्द पाळला. पाळला म्हणूनच तर पुढचं सगळं झालं.

ताई मोठी झाली आणि एका छापखानेवाल्याशी लग्न करून मोकळी झाली. माणूस वाईट नव्हता, पण तो छापायचा ती पत्रकं असल्या मोठ्या घरांच्या विरोधातली. मालकांच्या नाश्त्याच्या टेबलावर ती यायची आणि त्यांच्यावरचं नाव जावयाच्या छापखान्याचं. मालक म्हणाले, या घरात तिचं नाव निघता कामा नये. जेवणाच्या टेबलाची तिची खुर्ची वर माळ्यावर गेली. नऊ वर्षं कुणी ब्र काढला नाही. मधे मालकीणबाई वारल्या, तेव्हाही ताई फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून परत गेली. मी बघितलं होतं तिला. मालकांनीही बघितलं असावं, कारण ते बराच वेळ गाडीत चढेनात.

मग ती गडबड सुरू झाली. मोर्चे, बंद दुकानं, रस्त्यावर आडव्या घातलेल्या हातगाड्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मालकांचे भाऊबंद, पुतणे, भाचे, दर रविवारी जेवायला येणारी सगळी फौज एका महिन्यात पांगली. कोण बोटीनं गेलं, कोण दुसऱ्याच नावानं राहू लागलं. नवी समिती आली. तिच्या एका तरण्या साहेबानं आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं, आजपासून कुणी कुणाचा मालक नाही, त्यांना नावानं हाक मारायची. आचाऱ्यानं हळूच विचारलं, "पण साहेब, त्यांचं नाव काय?" खरंच, आम्हाला कुणालाच नीट सांगता येईना. फाटकावर पाटी होती, ती या साहेबाच्याच माणसांनी आदल्या दिवशी उखडून नेली होती.

खालचं सगळं घर समितीच्या शिधापत्रिका कार्यालयाला गेलं. जिथं पूर्वी नाच व्हायचे त्या दालनात सकाळी नऊपासून टाइपरायटर कडकडायचे. मालकांना माडीवरच्या दोन खोल्या दिल्या आणि डॉक्टरकडे जायला म्हणून सगळ्यात जुनी छोटी गाडी ठेवली. तिचा मागचा दरवाजा मी तारेनं बांधला होता. पण सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. मालक नुसता पाव नि चहा घ्यायचा असला तरी टाय बांधून बसायचे. आम्ही अजूनही "बघतो"च म्हणायचो. तेवढाच एक नियम समितीला सापडला नव्हता.

तो दिवस मंगळवारचा. मी मालकांचं औषध आणायला गेलो होतो. औषधाच्या दुकानात कुणीतरी माझ्या बाहीला हात लावला. ताई. हडकुळी झालेली, अंगावर नवऱ्याचा कोट. तिचा नवरा तर बोलून चालून छापखानेवाला. जे राज्यावर आले त्यांच्याशीही महिन्याभरात त्याचं बिनसलं होतं आणि आता त्यालाच पकडायचा कागद निघाला होता.

"पाचच्या बोटीनं चाललोय काका," ती म्हणाली. "परत येणं होणार नाही. बाबांना विचाराल? म्हणावं, मला एकदा बघायचंय त्यांना. नुसतं बघायचंय. दोन वाजेपर्यंत मी समोरच्या बेकरीत आहे. या म्हणाले तर तुमच्याबरोबर येते. नाही म्हणाले तर नाही."

मी गाडी पळवली. मालक खिडकीशी उभे होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत ताईचं नाव मी काढलं.  म्हणालो, "मालक, ताई आज देश सोडून चालल्यात. म्हणाल्या, तुम्हाला एकदा बघायचंय."

मालक वळले नाहीत. खिडकीच्या काचेवर बोट ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "बघतो."

मी "जी" म्हणून मागच्या पावली खाली आलो.

आता तुम्हीच सांगा. मालकांनी तो शब्द आमच्यासमोर जन्मात उच्चारला नव्हता. त्यांना गरजच काय? त्यांना 'नाही' म्हणायचं असलं तर ते 'नाही' म्हणायचे, चांगलं खणखणीत. तिथंच मला थांबायला हवं होतं. पण माझ्या कानांना तो शब्द एकाच अर्थानं माहीत होता. मला वाटलं, पोटच्या पोरीला तोडून 'नाही' म्हणवत नाही, म्हणून बिचाऱ्यांनी आमचा शब्द उसना घेतला. मला त्यांची दयासुद्धा आली. शहाणा ना मी.

बेकरीत ताई उभीच होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तिला दिलेला शब्द पाळला, सरळ बोललो. "नाही म्हणाले, ताई."

"असंच म्हणाले? नाही?"

"हो."

तिनं मान हलवली. काउंटरवरचा पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "त्यांना कडा लागत नाहीत, काढून द्या," म्हणाली आणि मागच्या दारानं गेली.

मला परत यायला साडेतीन वाजले, रस्त्यात दोनदा गाडी तपासली. माडीवर गेलो तर मालक समोरच्या खोलीत बसलेले. न्हावी तर केव्हाच येईनासा झाला होता, त्यांनी स्वतःच दाढी केली होती. हनुवटीला कापलं होतं आणि त्यावर कागदाचा कपटा चिकटवला होता. अंगात काळा कोट. शेजारी ताईची खुर्ची. ती माळ्यावरून कुणी आणली असं मी नंतर विचारलं, तर टाइप करणाऱ्या बाईनं सांगितलं की म्हातारा स्वतः जिन्यावरून एकेक पायरी घसटत घेऊन आला, मदतीला कुणाला हात लावू देईना.

"एकटाच आलास?" मालक म्हणाले. "मी तुला म्हटलं ना, बघतो तिला. मग आणली का नाहीस?"

'तिला' हा शब्द ते त्या वेळी बोलले नव्हते. किंवा काचेकडे तोंड करून बोलले असतील, मला ऐकू आला नसेल. देव जाणे.  "मला बघायचंय" असं पोरगी म्हणते आणि बाप म्हणतो, "बघतो." यात समजायला कठीण ते काय? कुठल्याही घरातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. आमच्या घरातल्यालाच कळायचं नाही.

मी तसाच उलट्या पावली पळालो. तारेनं बांधलेला दरवाजा वाटेत निखळून पडला, तो उचलायलाही थांबलो नाही. बंदरावर पोचलो तेव्हा धक्का मोकळा. झडती होणार अशी आवई उठली म्हणून बोट चारलाच सोडली होती. दोरखंड गुंडाळणाऱ्या माणसानं मला बोट दाखवली. पार लांब गेली होती.

परत आलो. मालक तसेच बसलेले, कपटा तसाच.

"येतेय ना?" त्यांनी विचारलं.

खरं बोलायची तीच वेळ होती. मालक, चूक माझी झाली, तुमचा शब्द मी उलटा पोचवला, पोरगी तुमच्यासाठी दोन वाजेपर्यंत पावाच्या दुकानात उभी होती. एवढं बोलायला किती दम लागतो? पण एकतीस वर्षांची सवय पुढं आली.

"बघतो, मालक."

ते काय समजले, हे मला तिथंच दिसलं. त्यांना वाटलं, मी जाऊन विचारलं आणि तिनंच नाही सांगितलं. त्यांनी हनुवटीवरचा कपटा काढला, उठून कोट काढला, घडी घातली. "बरं आहे," म्हणाले. मी तो पाव कडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. कुणी दिला ते सांगितलं नाही.

त्यानंतर ते पाच महिने होते. या पाच महिन्यांत मी रोज सांगणार होतो. आज दाढी करताना सांगू, उद्या औषध देताना सांगू. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय. एकदा त्यांनी आपणहून विषय काढला. मी त्यांची नखं कापत होतो. म्हणाले, "तिनं बरोबर केलं. मी असतो तर मीही आलो नसतो." मी पुढचं बोट धरलं. मला भीती वाटत होती. हाकलून देतील ही नव्हे, हाकलायची ताकद त्यांच्यात उरली कुठं होती? ते माझ्याकडे बघतील, याची. शेवटच्या आठवड्यात ते कुणाला ओळखत नव्हते, पण ती खुर्ची कुणी हलवली की हात वर करायचे.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आम्ही दोघं अजून गॅरेजवरच्या खोलीत राहतो, मी समितीची दुधाची गाडी चालवतो. गेल्या पंधरवड्यात ताईचं पत्र आलं, चार देशांचे शिक्के खाऊन. बाबा गेल्याचं तिला आत्ता कळलं. लिहिलंय, 'ड्रायव्हरकाका, त्या दिवशी तुम्ही मला सरळ “नाही” सांगितलंत याचे उपकार विसरणार नाही. दुसऱ्या कुणी बघतो म्हटलं असतं, तर मी आशेनं बसून राहिले असते, बोट चुकली असती आणि आम्ही दोघं पकडले गेलो असतो. त्या घरात माझ्याशी खरं बोलणारे तुम्ही एकटे. आता एवढंच खरं सांगा, शेवटी बाबांनी माझं नाव काढलं होतं का?'

मी ते हिला वाचून दाखवलं आणि म्हणालो, "बघ, एका अर्थी चांगलंच झालं. जीव वाचला दोघांचा."

ही भांडी घासत होती. म्हणाली, "आंधळ्यानं काठी फेकली आणि साप मेला, म्हणून आंधळा काय शिकारी झाला? पोरीनं विचारलंय त्याचं उत्तर लिहा."

मी लिहिलं. एकच ओळ. 'ताई, तुमचे बाबा नाही म्हणाले नव्हते.' त्याच्या पुढं काही सुचेना. पाकिटात घालून पत्ता लिहिला आणि चहाच्या डब्याखाली ठेवून दिलं. अकरा दिवस ते तिथं आहे. रोज चहा करताना डबा उचलतो, रोज परत ठेवतो. ती एक ओळ वाचली की माझ्यावर विश्वास ठेवणारं जगातलं शेवटचं माणूस जाणार, हे मला कळतं. आणि नाही पाठवली तर ती उरलेला जन्म बाप आपल्याला नको म्हणाला असं समजून काढणार, हेही कळतं.

आज दुपारी कामावरून आलो. हिनं डबा उचलून टेबलावर ठेवला आणि पाकीट माझ्यासमोर सरकवलं. "टाकताय ना आज?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"बघतो," म्हणालो.

हिनं त्या घराच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढलीत.  हात पुसले, बूट घातले, पाकीट उचललं आणि जिना उतरली. मी खिडकीतून बघत होतो. पत्रपेटी फाटकाच्या पलीकडेच आहे, रस्ता ओलांडला की, मालकीणबाई गेल्या तेव्हा ताई उभी होती तिथं. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी मारली नाही, एवढंच काय ते माझ्या हातून झालं.